लॅमिनेट केलेली किल्ली

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या बऱ्याच ऑफिसांची छतं मी ओळखते. कुठे ओल आलीय, कुठल्या पंख्याचं एक पातं वाकडं आहे, कुठे पीओपीच्या फुलामागे पालीने बिऱ्हाड थाटलंय, सगळं मला पाठ आहे. गिऱ्हाईक पिन टाकायला लागलं की मान वर करून छताकडे बघायचं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "परब, पिन टाकणाऱ्याच्या बोटांकडे बघायचं नाही. चुकूनसुद्धा नाही." गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत मी तो नियम पाळला. अजूनही मुलाबरोबर एटीएममध्ये गेले तर माझी मान आपोआप वर जाते आणि तो म्हणतो, "आई, पंखा नाहीये इथे."

आमची कंपनी साकीनाक्याला एका गाळ्यात होती. खाली पत्र्याला भोकं पाडायची मशिनं, वर आम्ही पाच जण. खालचं मशीन चालू झालं की आमच्या टेबलांवरचे चहाचे ग्लास सरकत सरकत कडेला यायचे. अशा त्या माळ्यावर बसून आम्ही लोकांची गुपितं सांभाळायचं सामान विकायचो. एटीएम कार्डासारखं दिसणारं एक कार्ड, ते घालायचा रीडर आणि संगणकावरच्या फायली आणि ईमेल कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर. वकील, डॉक्टर, छोट्यामोठ्या संस्था ही आमची गिऱ्हाइकं. त्यांच्याकडे जाऊन सगळं बसवून द्यायचं, शिकवायचं आणि बिघडलं की पुन्हा पळायचं, हे माझं काम.

हे नेमकं चालतं कसं, ते आयुष्यभर लोकांना समजावून समजावून मला एक गोष्ट सापडली होती. समजा, तुम्ही गावभर तुमची उघडी कुलपं वाटून ठेवलीत. ज्याला तुम्हाला काही पाठवायचंय त्याने ते पेटीत घालायचं आणि तुमचं कुलूप दाबून लावायचं. लावता कोणालाही येतं. उघडता मात्र तुम्हालाच, कारण किल्ली तुमच्याकडे. संगणकात ही कुलपं आणि किल्ल्या म्हणजे हातभर लांब आकडे असतात. आता किल्ली संगणकातच ठेवली तर चोर संगणकाबरोबर तीही नेणार. म्हणून ती कार्डावरच्या सोनेरी चिपमध्ये ठेवायची. तिथून ती कधीच बाहेर येत नाही. कुलूप चिपकडे न्यायचं, पिन सांगायचा, ती आतल्या आत उघडून देते. पिन तीनदा चुकला की चिप तोंड मिटून घेते.

हे सगळं मी आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. वडील गिरणीतून निवृत्त झालेले, घरात ग्रॅज्युएट मी एकटी. आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे बीकॉम करून तू कुलपां इकतंस?"

तर मी कुलपां विकली, आणि त्या निमित्ताने माणसांचे नाना नमुने बघितले. घाटकोपरच्या एका डॉक्टरांनी विसरायला नको म्हणून पिन कार्डावरच मार्करने लिहून ठेवला होता. मी हात जोडले, तर पुढच्या खेपेला त्यांनी तो उलटा लिहिलेला. "आता कोणाला कळणार?" असं म्हणून वर माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत होते. अंधेरीचे एक इस्टेट एजंट होते. ईमेलला कुलूप लावलं तरी वरची विषयाची ओळ उघडीच राहते, हे मी त्यांना तीनदा सांगितलं होतं. त्यांनी पहिली गुप्त ईमेल पाठवली तिचा विषय होता, 'कोपऱ्यावरच्या बंगल्याचे मालक विकायला तयार, कोणाला सांगू नका'. आणि आत, कुलपाआड, एकच शब्द: 'वरीलप्रमाणे'.

मुलुंडच्या एका ऑफिसातून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला की सगळ्यांची कार्डं एकदम मेली. मी धावत गेले. सगळी कार्डं एका ताटात झेंडूच्या फुलांसोबत ओळीने मांडलेली आणि प्रत्येक चिपवर हळदकुंकू. शस्त्रपूजा. त्यांचंही चुकलं नव्हतं, रोज ज्याने काम करतो त्याचीच पूजा करायची असते. मी पर्समधून शाळेतला साधा खोडरबर काढला आणि एकेक चिप घासून दिली. सगळी जिवंत झाली. तेव्हापासून खोडरबर माझ्या पर्समध्ये कायमचा राहायला आला.

हे मी हसत सांगतेय, पण माझीही एक चूक सांगायला हवी. नवीन कार्डावर किल्ली तयार करताना सॉफ्टवेअर विचारतं, 'कार्डाबाहेर एक प्रत काढून ठेवायची का?' मी नेहमी 'नाही' दाबायचे. गिऱ्हाइकाने विचारलंच, तर एक वाक्य तयार होतं: "किल्ली एकच असते तेव्हाच ती किल्ली." फार रुबाबात म्हणायचे मी ते. लोक माना डोलवायचे.

आग्नेसबाईंनीही डोलवली होती. त्या गोराईच्या. म्युनिसिपल हॉस्पिटलात सिस्टर होत्या, निवृत्त झाल्यावर गावातल्या आणि खाडीपलीकडच्या बायका त्यांच्याकडे मन मोकळं करायला येऊ लागल्या. नवऱ्याचा मार, सासरचा जाच, घरात कोणाला सांगता न येणारं दुखणं. बाई ऐकायच्या, औषधपाणी सांगायच्या, गरज पडली तर वकिलाकडे पाठवायच्या आणि सगळ्याची नोंद ठेवायच्या. नोंदी कोणाच्या हाती पडू नयेत म्हणून बोरिवलीच्या वकीलबाईंनी, त्या आमच्याच गिऱ्हाईक, त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. बहात्तर वर्षांच्या त्या बाई तासाभरात सगळं शिकल्या. कागद आला की संगणकात घ्यायचा, कुलूप लावायचं, मूळ पुसून टाकायचं. विषयाच्या ओळीत फक्त 'नमस्कार' लिहायचं. इतकी शहाणी विद्यार्थिनी मला दुसरी मिळाली नाही.

त्यांचे यजमान रेमीकाका गोदीत फिटर होते. गोराईच्या खाऱ्या हवेत कागद सादळतो, वर्षा-दोन वर्षांत शाई फुटते, आणि काकांना वस्तू वाया गेलेली सहन व्हायची नाही. म्हणून बंद पडलेल्या एका झेरॉक्सच्या दुकानातून त्यांनी लॅमिनेशनचं मशीन आणलं होतं. घरातलं रेशनकार्ड, लग्नाचा दाखला, विजेची बिलं, चर्चमधल्या नोव्हेना प्रार्थनेची पत्रकं, भिंतीवरचं बोटीचं वेळापत्रक, सगळं प्लास्टिकमध्ये बंद. अर्धं गाव त्यांच्याकडे कागद घेऊन यायचं. आमच्या कार्डाचा पिन बदलायला लागणारा मास्टर पिन मी एका चिठ्ठीवर दिला होता. ती तेवढी बाईंनी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली आणि ती सादळून वाचता येईनाशी झाली. काकांना त्याचं फार लागलं होतं. आपल्या हातून एक कागद निसटला, असं.

एका सोमवारी दुपारी आग्नेसबाईंचा फोन आला. "परब, पिन दोनदा चुकला गं. आता एकदाच टाकता येईल असं दाखवतंय. मी हात काढून घेतला."

"बरं केलंत," मी म्हटलं. "आता काही करू नका. कार्ड काढा आणि नीट सांभाळून ठेवा. मी उद्या सकाळी येते."

मंगळवारी सकाळी बोटीने खाडी ओलांडली तर धक्क्यावर रेमीकाका हजर. माझी बॅग त्यांनी जवळजवळ हिसकावूनच घेतली. चालता चालता म्हणाले, "कार्डाची काळजी करू नको. आता पाण्यात पडलं तरी काय होणार नाय त्याला."

मी चालण्याचा वेग वाढवला. घरी पोचून बघते तर खरंच. कार्ड लॅमिनेट केलेलं, चहूबाजूंनी बोटभर प्लास्टिकची कड सोडलेली, आणि मागच्या बाजूला वेलांकनी माऊलीचं छोटं चित्र. मशीनच्या आचेने कार्ड पापडासारखं वळलं होतं. आग्नेसबाई खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत होत्या. त्यांना ते माझ्याआधी पाचच मिनिटं कळलं होतं.

"रेमी, तुला काय सांगितलेलं मी?"

"परब बोलली नीट सांभाळून ठेव. तेच सांगितलेलं तू. मी काय फेकून दिलं?"

शब्द माझेच होते. ब्लेडने कड कापली, चिपवरचं प्लास्टिक उचलायला गेले, तर वाकलेल्या कार्डाला ते असं चिकटलेलं की ओढलं असतं तर चिपच निघून हातात आली असती. रीडरच्या फटीत तर ते शिरेचना.

आग्नेसबाई हळूच म्हणाल्या, "परवा गुरुवारी मीनाची तारीख हाय."

मीना हे अर्थातच तिचं खरं नाव नाही. मालाडची तिशीतली बाई, नवऱ्यापासून वेगळी झालेली, आठ वर्षांच्या मुलीच्या ताब्यासाठी कोर्टात उभी. नवऱ्याने मारलं त्याचे फोटो, दवाखान्याचे कागद, त्याने धाडलेले धमक्यांचे मेसेज, सगळं तिच्या फोनमध्ये होतं. कागदांचेही फोटोच, कारण मूळ कागद त्याने आधीच जाळले होते. बाईंनी ते सगळं आपल्या संगणकात उतरवून कुलपात ठेवलं, आणि चार दिवसांनी नवऱ्याने तिचा फोन फरशीवर आपटून फोडला. आता जगात ते एकाच ठिकाणी होतं. गुरुवारी ते कोर्टापुढे गेलं नाही तर मुलगी बापाकडे जाण्याची चिन्हं होती.

"मी तिला शब्द दिलेला," बाई म्हणाल्या. "बोलली, माझ्याकडे ठेव, कोणाच्या हाती लागणार नाय. आता माझ्या पण हाती लागणार नाय."

मला राहवलं नाही. "बाई, तेव्हा प्रत काढायला मीच नको म्हटलं होतं. चूक माझी आहे."

"आठवतंय मना. किल्ली एकच असते तेव्हाच ती किल्ली. मना लय आवडलेलं ते."

इतक्या वर्षांत कोणी मला त्याहून वाईट काही बोललेलं नाही, आणि त्या तर स्तुती करत होत्या. मला फार लाज वाटली. उठून त्या स्वच्छ सारवलेल्या अंगणातून पळून जावं असं वाटलं.

वाचवलं ते रेमीकाकांनी. इतका वेळ ते खाली मान घालून बसले होते. टेबलावरचं कार्ड त्यांनी उचललं, प्लास्टिकमधून चिपवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "पण ही तर मोबाईलच्या सिमसारखी दिसते. वाकलंय ते कार्ड. ही सोनेरी तर सपाट हाय."

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. सिम आणि आमची चिप, दोन्हींचं माप एकच. पूर्वी सिमही अख्ख्या कार्डावर चिकटून यायचं आणि आपण ते मोडून काढायचो. सिमएवढ्या तुकड्यावर चालणारा, पेनड्राइव्हसारखा दिसणारा एक छोटा रीडर माझ्या बॅगेत नमुन्याला पडून होता. प्रश्न फक्त कापण्याचा. चिपच्या कडेला कात्री लागली की संपलं. माझ्या हातात तेवढी कला नाही, पण मालाडला ज्याच्या हातात आहे असा एक माणूस मला माहीत होता.

असलमभाईंचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान मालाडला मी राहते त्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर. मी आणि काका पुन्हा बोट, मग रिक्षा करत तिथे पोचलो. असलमभाईंनी कार्ड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं.

"मॅडम, याला लॅमिनेट कोणी केलं?"

"मी केलं," काका म्हणाले.

"काम एक नंबर आहे चाचा. हवा पण नाय राहिली आत." मग माझ्याकडे वळून, "वाट लागली म्हणून आलात ना? टेन्शन नाय घ्यायचं. मशीन येण्याआधी आम्ही सिम कैचीनेच कापायचो."

ड्रॉवर उपसून त्यांनी एक जुनं सिमकार्ड काढलं, ज्यातलं सिम काढून घेतलेलं आणि नुसती चौकट उरलेली. ती त्यांनी आमच्या कार्डावर नेमकी जुळवून ठेवली, आतल्या कडेने सुईने रेघ मारली आणि कैची उचलली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही काउंटरवर वाकली. काका डोळे मिटून पुटपुटत होते. मला वाटतं, माझेही ओठ हलत होते. कैची चार वेळा चालली. मग कानशीने कडा घासल्या, ब्लेडच्या टोकाने तुकड्यावरच्या प्लास्टिकचा एक कोपरा उचलला आणि ते अलगद सोलून काढलं. चिपवर थोडा गोंद राहिला होता. मी पर्समधून खोडरबर काढला.

तुकडा रीडरमध्ये घालून मी माझ्या लॅपटॉपला लावला. हिरवा दिवा लागला. चिप जिवंत होती आणि इमानदार होती, पिनच्या शिल्लक संधी तिने बरोबर सांगितल्या: एक. असलमभाई काही घेईनात. चाचांकडून दुकानाचं लायसन्स लॅमिनेट करून घेईन, म्हणाले. कार्डाच्या उरलेल्या चौकटीतून माऊलीचं चित्र जसंच्या तसं निघालं, ते काकांनी खिशात ठेवलं.

चार वाजता आम्ही गोराईला परत. छोटा रीडर बाईंच्या लॅपटॉपला लावला. बाई समोर बसल्या, हात उचलला, आणि तो तसाच थांबला.

"बाई, पिन आठवतोय ना?"

"आकडे नाय आठवत गं. माझा हातच टाकायचा. आता हात पण चुकतो."

एकच संधी, आणि आकडे बाईंच्या डोक्यात नाहीतच. मग मी त्यांचा हात बघितला. तीन बोटं अर्धवट वाकवून त्या हवेतच वरखाली हलवत होत्या, एका छोट्या चौकोनात. मला आठवलं, मी सगळं बसवून दिलं तेव्हा घरात हा लॅपटॉप नव्हता. मोठा संगणक होता, त्याचा रुंद कीबोर्ड, उजवीकडे आकड्यांचा वेगळा चौकोन असलेला. हा लॅपटॉप भाचीने गेल्या महिन्यात दिलेला, जुन्या फायलीही तिनेच उतरवलेल्या, त्यावर आकडे वर एका ओळीत. कुलूप लावायला पिन लागत नाही, त्यामुळे या लॅपटॉपवर तो टाकायची वेळ कालच पहिल्यांदा आली होती. दोन वर्षं बाईंचा हात चौकोनात फिरत होता, आता त्याला ओळीत उभं केलं होतं.

"बाई, जुना कीबोर्ड कुठाय?"

"तो गेला भंगारात. रेमीला सांगितलेलं मी, सगळं देऊन टाक."

काकांनी घसा खाकरला. शिडी लावली, माळ्यावर चढले आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, चारही बाजूंनी चिकटपट्टी लावलेलं एक लांबट पुडकं घेऊन उतरले. वर कागदाचा तुकडा: 'चालू आहे'. अर्थात लॅमिनेट केलेला.

आग्नेसबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "तुला सांगितलेलं एक पण ऐकत नाय तू."

"नाय ऐकत," काका म्हणाले.

मी कीबोर्ड जोडला. आधी कोऱ्या पानावर बाईंना वाटेल ते आकडे बडवायला लावले, हात बसावा म्हणून. मग पिनची चौकट उघडली आणि मान वर केली.

त्या घराचं छत मंगलोरी कौलांचं. मधला वासा काळा पडलेला, त्याच्यावर चिमणीच्या घरट्याच्या काड्या. एक कौल काचेचं, त्यातून उन्हाचा तुकडा भिंतीवर पडलेला. माझ्या पाहण्यातलं ते सगळ्यात सुंदर छत, आणि त्या क्षणी मला त्यातलं काही धड दिसत नव्हतं. खाली टक, टक, टक. थोडी विश्रांती. पुन्हा टक, टक, टक. मग एक जाड आवाज, एंटरचा. त्यानंतर काहीच नाही. काकांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता.

"परब," आग्नेसबाई म्हणाल्या, "मान खाली कर."

पडद्यावर फायलींची ओळ उघडी होती. मी लगेच पाठ फिरवली, कारण आतलं बघणं हेही आमच्या नियमात बसत नाही. बाईंनी मीनाचे कागद वकीलबाईंच्या कुलपात घालून त्यांना ईमेलने पाठवले. विषय लिहिला, 'नमस्कार'. पाच मिनिटांत उत्तर आलं, मिळालं, उघडलं, वाचता येतंय. काकांनी चहा टाकला आणि त्यात साखर घालायला विसरले. तो चहा आम्ही तिघांनीही तसाच प्यायला.

गुरुवारी कोर्टाने मुलीला पुढच्या तारखेपर्यंत आईकडे ठेवलं. त्यानंतरच्या तारखांनाही ती आईकडेच राहिली, आणि अजून आहे.

रविवारी मी नवीन कार्ड घेऊन गोराईला गेले. ओट्यावर मीना भाजी निवडत होती आणि तिची मुलगी काकांच्या शेतातल्या काकड्या खात बसली होती. मीनाने मला ओळखलं नाही. ओळखायचं कारणही नव्हतं, मी आपली कार्डवाली बाई. आत जाऊन सगळ्या जुन्या फायली उघडून नव्या किल्लीच्या कुलपात घातल्या. ती नवी किल्ली बनवताना सॉफ्टवेअरने तो नेहमीचा प्रश्न विचारला, 'कार्डाबाहेर एक प्रत काढून ठेवायची का?' मी आयुष्यात पहिल्यांदा 'हो' दाबलं. त्याआधीच्या गिऱ्हाइकांना पुढचे सहा महिने एकेक फोन करून मी माझं ते रुबाबदार वाक्य परत घेत होते, तो किस्सा वेगळा.

प्रत कागदावर छापली. पानभर बारीक आकडे आणि अक्षरं. नुसता कागद सापडून चोराचा उपयोग नाही, त्याला वेगळे परवलीचे शब्द लागतात, ते बाईंनी स्वतः ठरवले, मी छताकडे बघत असताना. पण कागदच खराब झाला तर प्रत काढून उपयोग शून्य. तो टेबलावर पडला होता. बाहेरून खारा वारा येत होता आणि कागदाचा कोपरा हलत होता.

रेमीकाका दारात उभे होते. त्यांनी कागदाकडे बघितलं, कोपऱ्यातल्या मशीनकडे बघितलं, आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले.

मी म्हटलं, "काका, मशीन गरम करा."